वृद्धाश्रम कोणी शोधला?

पहिली जाहिरात दिसली तेव्हा मी मेथी निवडत होतो. निवृत्त माणसाला घरात जी खाती मिळतात, त्यांत मेथी हे सगळ्यात बिनजोखमीचं. मोबाईल तांब्याला टेकवून ठेवला होता आणि त्यात एक गृहस्थ दुधी भोपळ्याचे फायदे सांगत होते. भोपळा अर्ध्यावर थांबला आणि झोपाळ्यावर बसून हसणारं एक पांढऱ्या केसांचं जोडपं आलं. खाली मजकूर : ‘आई-बाबांना द्या हक्काचं दुसरं घर. हवेशीर खोल्या, सात्त्विक जेवण, चोवीस तास डॉक्टर. आजच जागा राखून ठेवा.’

माझे आई-बाबा जाऊन वीस वर्षं झाली. म्हणजे ही जाहिरात मला ग्राहक समजून आलेली नव्हती. मी त्या जाहिरातीतला माल होतो. हे ध्यानात येईपर्यंत मेथीच्या काड्या पातेल्यात आणि पानं केरात गेली होती.

मी मंदाला हाक मारून जाहिरात दाखवली. छत्तीस वर्षांच्या संसारात माझ्या बायकोने माझ्या कुठल्याही घाबरण्याला साथ दिलेली नाही. तिने पदराने चष्मा पुसला, जाहिरात नीट वाचली आणि झोपाळा चांगला आहे म्हणाली. मग केरातली मेथी उचलायला बसली.

मी मात्र पुण्याला फोन लावला. आमचा धम्मपाल तिथे नोकरीला असतो. इकडचं तिकडचं बोलून मी सहज विचारल्यासारखं विचारलं, की हल्ली इंटरनेटवर तू काय काय शोधत असतोस. त्याने ‘पप्पा, तुमची तब्येत बरी आहे ना?’ असं विचारलं. एरवी या प्रश्नाने मला बरं वाटलं असतं. त्या दिवशी वाटलं, हा खोलीचा आकार ठरवतोय.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारचे वना नाना आले. नाना शहात्तर वर्षांचे, मूळ पारोळ्याकडचे शेतकरी. मुलगा स्वप्नील आणि सून दिपमाला यांच्याजवळ जळगावात राहायला येऊन त्यांना बारा वर्षं झाली, पण भाषा त्यांनी गावाहून जशी आणली तशीच ठेवली आहे. एरवी नाना फाटकातूनच बोलत येतात. त्या दिवशी ते न बोलता आत आले, खुर्चीच्या टोकावर बसले आणि स्वतःचा मोबाईल माझ्यापुढे धरला. तेच जोडपं, तोच झोपाळा.

“भाऊ,” नाना म्हणाले, “माले घरमाईन काढी ऱ्हायनात.”

त्यांना धीर देण्यासाठी मी माझा मोबाईल दाखवला. दोन माणसांना एकच रोग झाला की निम्मा बरा होतो असं म्हणतात. इथे उलट झालं. आम्ही दोघं मिळून चौघांइतके घाबरलो.

इथे एक कबुली देणं भाग आहे. आमच्या ओळीत तीन घरं आहेत : माझं, नानांचं आणि प्रमिला अक्कांचं. तिन्ही घरांना इंटरनेट एकच. ‘शीघ्र फायबर’ या कंपनीचा माणूस जोडणी द्यायला आला तेव्हा अक्कांनीच मुद्दा काढला, की विहीर तिघांत चालते तर हे का चालू नये. मग माझ्या आणि नानांच्या सामाईक भिंतीवर, तेलाच्या पत्र्याच्या डब्यात, पावसापाण्यापासून जपून राउटर बसवण्यात आला. जोडणी कोणाच्या नावावर घ्यायची यावर चर्चा झाली आणि मी एकमताने निवडून आलो, कारण माझी सगळी कागदपत्रं एकाच फायलीत असतात. चौतीस वर्षं मी दीपनगरच्या वीज केंद्रात भांडार विभागात काढली. पावतीशिवाय एक नट कोणाला दिला नाही. त्या नेमणुकीचा मला अभिमान वाटला होता हे आता सांगायला लाज वाटते.

अक्का प्राथमिक शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या, पण ते शाळेला कळलं, त्यांना नाही. आम्ही दोघं मोबाईल घेऊन गेलो तेव्हा त्यांनी आमच्यासमोर तिसरा मोबाईल ठेवला. त्याही झोपाळ्यावरच होत्या. मात्र त्यांनी घाबरण्याआधी चौकशी केली होती. त्यांचा भाचा संगणकातला. त्याने त्यांना सांगितलं, की इंटरनेट पुरवणारी कंपनी आपण कुठल्या कुठल्या दाराशी गेलो हे टिपून ठेवते आणि दुकानदारांना कळवते. म्हणजे पोस्टमनने आपली पाकिटं पाहायची आणि बाजारात जाऊन सांगायचं, यांच्याकडे लग्न निघालंय, यांच्याकडे आजारपण आहे. जाहिरात उगाच येत नाही. तिन्ही घरांपैकी कोणीतरी वृद्धाश्रम शोधलेला आहे.

“प्रश्न एवढाच,” अक्का म्हणाल्या, “कोणी, आणि कोणासाठी.”

तिघांनाही मुलं आहेत. तिघांनीही आपापल्या मुलांची मोठ्याने खात्री दिली आणि मनातल्या मनात काढून घेतली. अक्का म्हणाल्या, आमचा मुलगा तसा नाही, पण परवा त्याने माझ्या कपाटाची लांबी-रुंदी मोजली. नाना म्हणाले, स्वप्नील गेल्या आठवड्यापासून मला ‘नाना, अजून एक भाकरी घ्या’ असं म्हणतोय. असं तो कधी म्हणत नाही. धम्मपालने तब्येत विचारली हे मीही सांगितलं. पुराव्यांचं वजन सगळीकडे सारखंच भरलं.

कोण ते कंपनीला ठाऊक आहे, तर कंपनीलाच विचारावं, असं ठरलं. ग्राहक मी, म्हणून जायचं मी.

‘शीघ्र फायबर’चं जळगावातलं कार्यालय एका सोन्याच्या पेढीच्या वरच्या मजल्यावर आहे. रांगेत माझ्या पुढे सहा जण होते. त्यांतल्या चौघांना मी काम सांगितलं, कारण त्यांनी विचारलं. प्रत्येकाने सल्ला दिला. एकाने राउटर रोज बंद करून उन्हात ठेवायला सांगितलं. दुसऱ्याने मुलांच्या नावावर काहीही करून देऊ नका म्हणून बजावलं. काउंटरवरचे गृहस्थ अतिशय नम्र होते. माझं म्हणणं त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि सांगितलं, की ग्राहकाने काय पाहिलं ही माहिती गोपनीय असते, देता येत नाही.

मी म्हटलं, ग्राहक मीच आहे.

ते म्हणाले, “म्हणूनच तर. तुमची माहिती कोणीही येऊन मागेल आणि आम्ही देऊ, असं चालेल का?”

मग वृद्धाश्रमवाल्यांना कशी कळली, असं मी विचारलं. तर ते कोणीही नव्हते, ते कंपनीचे ‘जाहिरात-भागीदार’ होते. त्यांना देण्याची परवानगी मीच दिलेली होती. त्यांनी माझा अर्ज काढून दाखवला. पान नऊ, कलम चौदा, आणि खाली माझी सही, तारखेसकट, वळणदार. ज्या माणसाने चौतीस वर्षांत पावतीशिवाय नट सोडला नाही, त्याने तीन घरांची पाकिटं एका सहीने बाजारात सोडली होती. शेजारच्या खुर्चीवरच्या बाईंनीही वाकून सही पाहिली आणि अक्षर चांगलं आहे म्हणाल्या.

परवानगी मागे घेता येते का? येते. त्यासाठी अर्ज असतो. तो विभागीय कार्यालयात, म्हणजे धुळ्याला, स्वतः जाऊन द्यावा लागतो. सोबत आधार कार्ड, वीजबिल, दोन फोटो आणि अंगठ्याचा ठसा. मला कोणी ओळखू नये एवढीच माझी इच्छा आहे, मग इतकी ओळख कशाला, असं मी विचारलं. ते समजुतीच्या सुरात म्हणाले, की ओळखू नये असं म्हणणारे तुम्हीच आहात, याची ओळख पटायला नको का?

घरी आलो तर अक्कांनी तोवर दुसरा उपाय काढून ठेवलेला. त्यांचं म्हणणं, उत्तरपत्रिका लपवता येत नसेल तर तिच्यात इतकं भलतंसलतं लिहून ठेवायचं की तपासणाऱ्याला खरं उत्तर सापडूच नये. आम्ही तिघांनी मोबाईलवर वाटेल ते शोधायचं, म्हणजे कंपनी गोंधळेल आणि वृद्धाश्रमाचा नाद सोडेल. मी भीत भीत मान्यता दिली. अक्कांनी बोअरवेल शोधली. मी मंगल कार्यालयं पाहिली. नानांनी खूप विचार करून हत्ती शोधला; आणि मग त्यांना त्यात खरंच रस वाटू लागल्याने हत्ती दिवसाला किती खातो, कोणत्या कुशीवर झोपतो, हेही शोधलं.

कंपनी गोंधळली नाही. तिने सगळंच मनावर घेतलं. तिसऱ्या दिवशी एक मनुष्य तळहातावर नारळ आडवा धरून आमच्या अंगणात शिरला. बोअर कुठे घ्यायची ते पाहायला त्याला पाठवलं होतं. जोडणी माझ्या नावावर, म्हणून पत्ता माझा. नारळ अंगणात पडून राहिला, ओसरीत पडून राहिला आणि स्वयंपाकघरात मंदा भाकरी थापत होती तिथे ताडकन उभा राहिला. नव्वद फुटांवर पाणी आहे, फक्त ओटा काढावा लागेल, असं त्याने सांगितलं. मंदाने त्याला चहा दिला आणि माझ्याकडे पाहिलं. त्यातली दुसरी गोष्ट मला जास्त लागली.

मग मंगल कार्यालयाच्या बाईंचा फोन आला. तारीख, जेवणाची पानं आणि नवरदेवाचं वय विचारलं. नवरदेव कोणी नाही म्हटलं तर त्यांनी आवाज खाली आणून विचारलं, की साहेब, तुम्हीच का? आमच्याकडे साध्या पद्धतीने, बोभाटा न करताही होतं.

झोपाळ्यावरचं जोडपं मात्र हललं नाही. उलट आता ते दिवसातून आठ वेळा येऊ लागलं. नानांचं जेवण दोन भाकऱ्यांवरून अर्ध्यावर आलं. ते दिवसभर माझ्या ओसरीत बसून राहत. पारोळ्याकडचं जुनं घर राहण्याजोगं आहे का हे कोणाला तरी विचारायचं, असं पुटपुटत. पोराने नेऊन टाकण्याआधी आपणच उठून जाऊ, म्हणजे निदान लोकांत पोराची लाज राहील, हा त्यांचा हिशेब. आणि रविवारी आमच्या ओळीची भरीत पार्टी होती. नानांनी ठरवलं, की तिथेच, सगळ्यांसमोर, काय ते व्हायचं.

“बठ्ठासमोर इचारसू,” ते म्हणाले. “कोन शे तो, समोर येऊ दे.”

मी शुक्रवारी सकाळच्या एस.टी.ने धुळ्याला गेलो.

विभागीय कार्यालयात शिल्पा नावाच्या अधिकारी होत्या, तिशीतल्या, कामाला चोख. त्यांनी माझे कागद तपासले, अंगठा घेतला आणि सांगितलं, परवानगी रद्द करण्याआधी एक औपचारिकता असते. कंपनीने माझ्याबद्दल आजवर जे टिपलं आहे ते पुसायचं, तर पुसलं जाणारं माझंच आहे असं मी लिहून द्यायला हवं. त्यांनी एक कागद छापून दिला. ‘ग्राहक रुचिपत्रक’.

मी चष्मा लावून वाचू लागलो. ग्राहक : श्री. भालेराव. अनुमानित लिंग : स्त्री. अनुमानित वय : एकतीस. शिक्षण : समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी. रुची : गुडघेदुखी, हत्तींचा आहार, बोअरवेल, विवाह. इथवर मी हसू दाबत होतो. पुढे होतं : वृद्धाश्रम अधीक्षिका भरती, पारोळा. मुलाखतीत काय विचारतात. पारोळा ते जळगाव शेवटची एस.टी. आणि सगळ्यात खाली, सहा वेळा शोधलेलं : सासरे नोकरीला नको म्हणतात, समजूत कशी घालावी.

आमच्या ओळीत एकतीस वर्षांची, समाजकार्याची पदवी भिंतीवर टांगलेली स्त्री एकच आहे. नानांची दिपमाला. तिने वृद्धाश्रम कोणाला ठेवायला शोधला नव्हता. तिला तिथे नोकरी करायची होती.

सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटलं ते असं, की दुसऱ्याचं पत्र उघडून वाचताना आपण पकडले गेलो, आणि पकडणारेही आपणच. शिल्पाबाई थांबल्या होत्या. त्यांनी विचारलं, माहिती बरोबर आहे ना? मी म्हटलं, बरोबर आहे. आणि वरील सर्व रुची माझ्याच आहेत, असं शुद्ध मराठीत लिहून मी खाली सही केली. त्यांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत एकदा पाहिलं, शिक्का मारला आणि पंचेचाळीस दिवस लागतील म्हणाल्या.

बसस्थानकावर जळगावची गाडी लागली होती. खिडकीशी दिपमाला बसली होती, मांडीवर फाईल. माझ्या बायकोच्या मोरपंखी साडीसारखीच साडी तिने नेसली होती. घरी ती मैत्रिणीच्या डोहाळजेवणाला पारोळ्याला जाते असं सांगून निघालेली, आणि मी दात दाखवायला धुळ्याला जातो असं सांगून. काही क्षण आम्ही एकमेकांच्या खोटेपणाकडे आदराने पाहत राहिलो. मग मी तिच्या शेजारी बसलो आणि तो कागद तिच्या हातात दिला. माझ्याजवळ ठेवून घेण्याचं धाडस झालं नाही.

तिने तो दोनदा वाचला. ‘सासरे’ या ओळीपाशी ती थांबली.

“काका, हे आणखी कोणी वाचलं?”

मी म्हटलं, कंपनीने, धुळ्याच्या बाईंनी आणि ते जे कोणी जाहिरातवाले असतील त्यांनी.

“म्हणजे परक्या लोकांनी,” ती म्हणाली. “त्यांचं काही नाही. मला भीती आपल्या ओळीची वाटते.”

त्या कंपनीने तरी माझ्यासारखं रांगेतल्या चौघांना सांगितलं नसेल.

मग तिने सगळं सांगितलं. त्याच दिवशी धुळ्याला, संस्थेच्या मुख्य कार्यालयात, मुलाखत झाली होती, निवड झाली होती. सोमवारी नेमणुकीचं पत्र येणार होतं. पारोळ्याला रोज अप-डाउन करायचं. स्वप्नीलला माहीत होतं, पण त्याचा पाठिंबा कुजबुजण्यापुरता. दोन वर्षांपूर्वी तिला एका डाळ मिलच्या कार्यालयात काम मिळालं होतं. नाना रागावले नाहीत, ओरडले नाहीत; फक्त जेवायचे बंद झाले. दोन दिवसांनी तिने स्वतःच फोन करून नोकरी नको म्हणून सांगितलं. यावेळी पत्र हातात आलं की मगच ती बोलणार होती, कारण हातातलं सोडायला तिलाही जड जाईल. आणि आता ते पुन्हा जेवत नाहीत, तिला वाटतं त्यांना कळलं.

नाना का जेवत नाहीत ते मी सांगितलं. ती कपाळाला हात लावून बसली. घरातले आपल्याला काढायला निघालेत, असं नानांना वाटतंय हे तिला समजलं. खरं सांगून त्यांची भीती घालवावी, तर नोकरी जाते. गप्प बसावं, तर म्हातारा उपाशी.

“फक्त सोमवारपर्यंत, काका,” ती म्हणाली. “तेवढं कोणाला बोलू नका.”

मध्ये रविवार होता.

आसोद्याच्या रस्त्याला अक्कांच्या भावाचा मळा आहे. दरवर्षी मार्गशीर्षात आमची ओळ तिथे भरीत करते. हिरवी वांगी कपाशीच्या वाळल्या काड्यांवर भाजली जात होती. धूर सगळ्यांच्या डोळ्यांत सारखाच जात होता, त्यामुळे माझे डोळे कोणाच्या लक्षात आले नाहीत. स्वप्नील बडगीत, म्हणजे त्या लाकडी परातीत, वांगी-मिरच्या ठेचत होता. दिपमाला कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाच्या, पुऱ्या लाटत होती आणि दर पुरीला माझ्याकडे पाहत होती. मी दर पुरीला दुसरीकडे.

पानं मांडली. केळीच्या पानावर भरीत पडलं. आणि नाना उठून उभे राहिले. त्यांनी टोपी सारखी केली.

“मी काही जास्त बोलनार नही,” ते म्हणाले. “आपला तीन घरमा कोनी तरी म्हातारासले ठेवानी जागा शोधी ऱ्हायनं. माले राग नही. पन कोन शे ते सांगा. मी सोता निंघी जासू.”

बडगीतलं ठेचणं थांबलं. स्वप्नीलच्या तोंडाची उघडझाप झाली. तो खरं बोलायच्या अगदी काठावर आला होता; ज्यांना कधी खरं बोलायची सवय नसते ते नेमके चुकीच्या वेळी सुरुवात करतात. अक्का आपल्या मुलाकडे पाहत होत्या, अक्कांचा मुलगा वांग्याकडे. दिपमालाच्या हातातली पुरी तशीच लोंबत होती. नाना पायाने आपल्या वहाणा चाचपत होते.

“मी शोधला,” मी म्हटलं.

सगळे माझ्याकडे वळले. आता पुढे काहीतरी बोलणं भाग होतं. मी म्हटलं, स्वतःसाठीच शोधला. पारोळ्याला आहे, बरा आहे. पोरगा पुण्याला, मंदाचे गुडघे दुखतात, मी घरात नुसता पायात पायात येतो. विचार करतोय. आणि खोटं वाटत असेल तर धुळ्याला मी तसं लेखीही दिलंय. हे शेवटचं वाक्य शंभर टक्के खरं असल्याने त्याने सगळ्यांची खात्री पटली.

सगळे मंदाकडे पाहू लागले. मी तिच्याकडे पाहायचं टाळत होतो. मंदाने भाताचं पातेलं खाली ठेवलं.

“जायचं तर जाऊ द्या त्यांना,” ती म्हणाली. “मी काही अडवणार नाही. स्वेटर तेवढे धुवून ठेवते.”

नंतरचा तास माझ्या आयुष्यातला सगळ्यात अपमानाचा तास होता आणि त्यात मला सगळ्यात जास्त वाढलं गेलं. प्रत्येकाने माझ्या पानात भरीत घातलं. अक्कांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. त्या माझ्याहून तीन वर्षांनी मोठ्या आहेत. त्यांच्या मुलाने, कपाट मोजणाऱ्याने, मला बाजूला घेऊन सांगितलं, की काका, आमच्याकडे येऊन बसत जा. जेवण संपायच्या आत धम्मपालचा फोन आला. बातमी पुण्याला कोणी पोहोचवली ते अजून कळलेलं नाही. एवढ्या वेगाने ‘शीघ्र फायबर’सुद्धा कळवत नाही. तो रडवेला होऊन विचारत होता, की पप्पा, माझं काय चुकलं. मी भरीत गिळत म्हटलं, तुझं काही चुकलं नाही, बेटा. तो आणखीच रडवेला झाला.

नाना मात्र जेवले. दोन वाट्या भरीत आणि पाच पुऱ्या मी मोजल्या.

परतताना रिक्षात मी मंदाला सगळं खरं सांगायला तोंड उघडलं. तिने हाताने थांबवलं. दिपमालाचा अर्ज तिनेच तपासला होता आणि मोरपंखी साडीही तिचीच होती. मग मला आधी का नाही सांगितलं, मी इतके दिवस झुरत होतो, असं मी म्हटलं. ती म्हणाली, तुम्ही कंपनीच्या रांगेत किती जणांना काय सांगितलंत ते माझ्या चुलत वहिनीने मला त्याच दुपारी फोन करून सांगितलं. धम्मपालला मात्र तिने आधीच फोनवर समजावलं होतं.

सोमवारी पत्र आलं. दिपमालाने ते नानांपुढे ठेवलं. स्वप्नील काहीतरी आणायला बाहेर गेला होता. मी भिंतीपलीकडे कान लावून उभा होतो. हेरगिरी कोणी करावी आणि कोणी करू नये याबद्दलची माझी मतं आता पूर्वीइतकी कडक राहिलेली नाहीत. पलीकडे कागद उलगडल्याचा आवाज आला. मग नानांनी विचारलं, कुठला वृद्धाश्रम. ती म्हणाली, पारोळ्याचा. पलीकडे खाट करकरली. मला वाटलं, झालं, आता ताट परत जाणार.

मग नानांचा आवाज आला. “भाऊ तठेच जाई ऱ्हायना ना? मंग जाय बेटा तू. एवढा चांगला मानूस तठे एकला पडी. आपलं कोनी तरी तठे पाहिजे.”

अर्ध्या तासाने दिपमाला पेढे घेऊन माझ्याकडे आली. हसत होती की रडत होती हे तिलाही सांगता आलं नसतं. पेढा माझ्या हातावर ठेवून तिने हळूच सांगितलं, की काका, तुम्ही कुठे जात नाही आहात हे एवढ्यात बोलू नका. पहिले तीन महिने तिची नोकरी कच्ची आहे. तोवर नानांना वाटू दे.

त्यामुळे सध्या मी जाणार आहे. ओळीतल्या सर्वांना ते माहीत आहे. अक्का मला रोज काहीतरी वाटीतून पाठवतात. जाहिरात अजून येते. पंचेचाळीस दिवस व्हायचे आहेत. नाना दोन्ही वेळा पोटभर जेवून संध्याकाळी माझ्या ओसरीत येतात आणि कधी निघणार ते विचारतात. मी सांगतो, यादीत नाव आहे, नंबर लागायचा आहे. मग ते दिपमालाने घरी येऊन सांगितलेलं मला सांगतात. तिथे सकाळी दूध मिळतं. एक म्हातारा बासरी वाजवतो. मागे पपईची झाडं आहेत.

काल उठताना माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “तुन्हा नंबर लागना का माले सांगजो, भाऊ. दोन खाटा शेजारशेजार भेटतीन का, इचारी ठेव.”

मी म्हटलं, विचारतो.